अर्जनवीस काकांचा पेन

जुना पेन घेऊन आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "कधीचा असंल?" आणि दुसरा विचारतो, "सोन्याचा हाय का?" चाळीसेक वर्षं मी हे दोन प्रश्न ऐकते आहे. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा असतं, "तुम्हाला वाटतो तितका जुना नाही." दुसऱ्याचं, "नाही." मागे भोकरदनकडचे एक गृहस्थ मखमलीच्या कापडात गुंडाळून पेन घेऊन आले होते. निजामाच्या कुण्या सरदाराचा म्हणून त्यांच्या घरात तीन पिढ्या सांगितलं जात होतं. टोपण फिरवून पाहिलं तर आतल्या बाजूला एका खताच्या दुकानाचं नाव. लग्नात आहेर म्हणून द्यायचे तसला पेन. गृहस्थ रागावले. "तुम्हाला पारख न्हाई," म्हणाले आणि मखमलीची घडी घालून निघून गेले. मी त्यांना चहा सांगितला होता, तो मीच प्याले.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला दुर्मीळ पेनांवर लिहायला सांगितलं. दुर्मीळ पेन माझ्याकडे फारसे आलेच नाहीत. आले ते साधे, लोकांनी वापरून झिजवलेले. त्यातल्या एकाबद्दल लिहिते. त्यात माझी चूक आहे, आणि ती ज्यांच्या बाबतीत झाली त्यांच्याशिवाय अजून कुणाला सांगितलेली नाही.

जालन्याच्या जुन्या भागात एका जिन्याखाली माझं दुकान आहे. ते वडिलांचं. ते स्टोव्ह, गॅसबत्त्या आणि पेन दुरुस्त करायचे. शाळा सुटली की मी तिथे बसायचे, लग्नानंतरही गावातच राहिल्यामुळे बसत राहिले. पुढे स्टोव्ह गेले, बत्त्या गेल्या, पेनही गेल्यातच जमा आहेत. मी तेवढी राहिले. आता महिन्यातून आठ-दहा पेन येतात. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून अर्धा तास वाकलं की मान धरते आणि उरलेला दिवस ती सोडत नाही.

काम काय असतं ते थोडक्यात सांगते. जुना पेन हातात आला की आधी अंगठ्याने अंग चोळायचं, गरम होईपर्यंत, आणि हुंगायचं. गंधकासारखा, जळक्या रबराचा वास आला तर एबोनाइट. कापरासारखा आला तर सेल्युलॉइड. काहीच वास नाही आला तर अलीकडचं प्लास्टिक. अंगावर कंपनीचं नाव झिजलेलं असतं, तिथे खडूची पूड चोळली की अक्षरं वर येतात. मग उघडायचं. आमच्या भागात जे जुने चांगले पेन यायचे, त्यांच्या बाजूला एक छोटी दांडी असते. ती उचलली की आतली रबरी पिशवी दबते, सोडली की पिशवी शाई ओढून घेते. वीस-तीस वर्षं पडून राहिलेल्या पेनात ती पिशवी करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी कडक होते आणि तुकड्यातुकड्यांनी निघते. नवी पिशवी स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेने चिकटवायची. चिकटवण्याआधी, पिशवी ज्या भागावर चढवायची त्यावर मी सुईने एक बारीकशी फुली काढते. वडिलांची सवय. पेन पुन्हा आला तर आपलंच काम आहे हे कळावं, एवढ्यासाठी. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही.

तर, साधारण अडीच वर्षांपूर्वी परतूरहून वंदनाबाई आल्या. पन्नाशीच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. स्टुलावर बसायच्या आधीच त्यांनी पर्समधून रुमालात बांधलेला पेन काढला.

"मावशी, मला ओळखलं न्हाई तुम्ही. पण बाबांना ओळखाल. तहसीलसमोर अर्ज लिहायला बसायचे, परतूरला. पेन बिघडला की रेल्वेनं तुमच्याकडंच यायचे."

आठवले. अर्जनवीस काका. पांढरी टोपी, काळी छत्री, फार हळू बोलणारे. पेन मला देऊन हलायचे नाहीत. "दुसऱ्या पेनानं माझा अर्ज होत न्हाई," म्हणायचे आणि काम होईपर्यंत याच स्टुलावर बसून राहायचे. वारसाहक्काच्या, विहिरीच्या, फेरफाराच्या किती अर्जांची भाषा त्यांनी परतूर तालुक्यात लिहिली असेल, कोण जाणे.

"बाबा गेले," वंदनाबाई म्हणाल्या. "मी तेराव्याला आल्ते तवा पेन देवघराजवळ होता. नंतर भावानं खोली रिकामी केली. जुनी ट्रंक, कागदं, सगळं भंगारात दिलं. तोवर कुणीतरी पेन त्या ट्रंकेत टाकला होता. त्याला कल्पना न्हाई. मी भांडले न्हाई. पण दर बाजारच्या दिवशी भंगाराच्या गाड्यावर जाऊन बघत राह्यले. दोन वर्षं. तो गाडेवाला मला पाह्यलं की हसायचा. आणि काल हा मिळाला." त्यांनी पेन पुढे केला. "हाच आहे ना?"

तांबूस-तपकिरी, संगमरवरासारख्या नक्षीचा, क्लिप मोडलेला. अर्जनवीस काकांचा पेन तसाच होता, हे खरं. त्या कंपनीचे तसले पेन एके काळी इकडे सगळीकडे होते. आणि मोडायची तर पहिली क्लिपच मोडते.

मी ड्रायरने पेनाच्या मानेजवळ जरा ऊब दिली आणि पेन उघडला. आतली पिशवी मूळची होती, कारखान्यातून आली तीच. दगड झालेली. ती खरवडून काढली. खाली फुली नव्हती. काकांच्या पेनाची पिशवी मी निदान चार वेळा बदलली होती.

म्हणजे मला कळलं होतं. त्यात शंकेला जागा नव्हती.

एरवी आठ-पंधरा दिवसांत यायचं तेवढं काम त्या दिवशी एकदम आलं होतं, सकाळपासून सहा पेन झाले होते. एका पेनाची निब फुटली होती माझ्या हातून, त्या गिऱ्हाइकाची बोलणी ऐकून झाली होती. मान भरून आली होती. समोर ही बाई दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेली. "नाही" म्हटलं असतं तर पुढे बरंच बोलावं लागलं असतं. का नाही, कशावरून, मग खरा कुठे असेल, अजून शोधू का. तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, तर मला पाण्याचा तांब्या आणायला उठावं लागलं असतं.

मी म्हटलं, "हो. तोच आहे."

नंतर मी स्वतःला बऱ्याचदा समजावलं, की मी दयेपोटी तसं म्हणाले. ते खरं नाही. मी थकले होते, आणि "हो" म्हटलं की लवकर संपत होतं.

नवी पिशवी बसवली, निब धुतली, दांडी सरळ केली. पेन सुरेख चालायला लागला. वंदनाबाईंनी माझ्या वहीवर "श्री" लिहिलं, मग बाबांचं नाव लिहिलं, आणि म्हणाल्या, "किती हलका चालून राह्यला बघा." जाताना वाकून पाया पडल्या. मी पाय मागे घेतले, पण उशीर झाला होता.

त्यानंतर त्या गाड्यावर गेल्या नाहीत. जायचं कारणच उरलं नव्हतं.

दीड वर्षाने एक माणूस दुकानात आला. उंच, काळासावळा, डोक्याला रुमाल. "ताई, ह्यो पेन गळून राह्यला. बघता का जरा?" म्हणाला. नाव बन्सी. घर मूळचं मेंढरांचं, पण मेंढरं वडिलांच्या वेळीच गेली. हे परतूरला कापसाच्या एका जिनिंगमध्ये यंत्रावर कामाला होते. उजव्या हाताची तीन बोटं त्या यंत्रात गेली. मालकाने नंतर फाटकावर ठेवून घेतलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या रजिस्टरला लिहायच्या.

"मंग डाव्या हातानं शिकलो लिव्हायला," ते म्हणाले. "चाळिशीत. पोरं हसायची. बॉलपेनाला दाबावं लागतं, ताई. दहा गाड्या झाल्या की मनगट धरतं. ह्यो आपला आपण चालतो. ह्याच्याबिगर माझं भागत न्हाई."

तांबूस-तपकिरी पेन. क्लिप मोडलेली. मी उघडला, पिशवी काढली, भिंग लावलं. खाली फुली होती.

मी भिंग काढून पुसलं आणि पुन्हा लावलं. फुली तशीच.

"कुठं मिळाला हा?"

"आपल्या परतूरच्या बाजारात, भंगाराच्या गाड्यावर. गाडेवाला म्हणला, असलाच एक गेल्या बाजाराला एका बाईनं नेला, ह्यो तू ने."

एका आठवड्याचा फरक. मी "नाही" म्हटलं असतं, तर पुढच्या बाजारी वंदनाबाई त्या गाड्यापुढे उभ्या असत्या.

बन्सीभाऊंना मी त्या दिवशी काही बोलले नाही. पेन दुरुस्त करून दिला. ते गेले आणि मी शटर अर्धं ओढून बसले. दोन दिवस मी हे मनातच ठेवायचं ठरवत होते. दोघांचंही नीट चाललंय, कशाला हात घाला, वगैरे. तिसऱ्या दिवशी परतूरची गाडी पकडली.

वंदनाबाई शाळेत होत्या. मधली सुट्टी चालू होती. मला पाहून त्यांना एवढा आनंद झाला, की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. टेबलावर हजेरीपट होता आणि त्याच्यावर तो पेन. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फुलीचं, पिशवीचं, बन्सीभाऊंचं.

त्यांनी हजेरीपटावरचा पेन उचलला. मग म्हणाल्या, "तुम्हाला तवाच कळलं होतं?"

"हो."

"मंग मला का न्हाई सांगितलं?"

"थकले होते."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मी ह्याला रोज पुसत होते, मावशी," म्हणाल्या. "बाबांच्या श्राद्धाला पानाजवळ ठेवला होता." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. घंटा झाली तशी त्या वर्गात गेल्या, आणि शाळा सुटेपर्यंत मी ओट्यावर बसून राहिले.

संध्याकाळी आम्ही दोघी जिनिंगच्या फाटकावर गेलो. कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. हवेत रुई उडत होती, बन्सीभाऊंच्या भुवयांवरसुद्धा बसलेली. मी त्यांना सांगायला सुरुवात केली, पण अर्ध्यातच त्यांनी खिशातून पेन काढून वंदनाबाईंपुढे धरला.

"वडलांचा हाय तर घ्या की. त्यात काय इचारायचं?"

वंदनाबाईंनी दोन्ही हातांनी घेतला. रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहायला गेल्या. पेन खरखरला. तुटक रेघ आली. त्यांनी पुन्हा लिहून पाहिलं. कागदाचा धागा निबेत अडकला.

"बिघडवला का हो मी?" बन्सीभाऊ घाबरून म्हणाले.

मी खांद्यावरच्या पिशवीतून भिंग काढलं. निबेच्या टोकाला कडक धातूचा एक दाणा असतो, तोच कागदावर घासतो. एकच माणूस वर्षानुवर्षं लिहीत राहिला की तो दाणा त्या माणसाच्या हाताप्रमाणे एका बाजूने झिजतो. ही निब उलट्या बाजूने झिजली होती.

"काका डावरे होते?" मी विचारलं.

"हो. तुम्हाला माहीत न्हाई?" वंदनाबाई म्हणाल्या. "डाव्या हातानंच लिहायचे. लोकं म्हणायची, अर्ज डाव्या हातानं आणि काम उजवं."

इतकी वर्षं त्यांचा पेन माझ्या हातात आला. निब धुताना, पुसताना ती झीज माझ्या नजरेखालून गेली असणार. ते ज्या हाताने लिहायचे, त्याकडे मात्र मी कधी पाहिलं नाही. मी पेनाकडेच बघत बसले.

"भाऊ, तुम्ही लिहा बरं," वंदनाबाई म्हणाल्या.

बन्सीभाऊंनी डाव्या हातात पेन धरला आणि पुढच्या ट्रकचा नंबर लिहिला, खाली ड्रायव्हरचं नाव. अक्षर वेडंवाकडं, मोठं. पण रेघ ओली, सलग, कुठे न अडता. आडव्या रेघा जाड, उभ्या बारीक. वंदनाबाई त्या ओळीकडे बघत राहिल्या.

"बाबांच्या रेघा अशाच होत्या," त्या म्हणाल्या. आणि तरीही पेन घेऊन गेल्या. मला ते बरोबर वाटलं. माझं काही म्हणणं असायचा हक्कही नव्हता. आपल्याकडचा पेन त्यांनी बन्सीभाऊंना दिला.

मी बन्सीभाऊंना म्हटलं, या पेनाची निब मी तुमच्या हाताला बसवून देते. ते दोनदा जालन्याला आले. बारीक कागदावर मी ती निब घासली, भिंगातून पाहिली, पुन्हा घासली. थोडी सुधारली, पण डाव्या हाताने अक्षर ढकलत न्यावं लागतं, आणि तिथे ती अडखळायचीच. एका माणसाने वर्षानुवर्षं लिहून केलेली झीज मला दोन दुपारी जमणार नव्हती. "चालतंय, ताई, बराबर चालतंय," ते म्हणाले. पुढे मी काही कामाने परतूरला गेले तेव्हा फाटकाशी पाहिलं. रजिस्टरला दोरीने बॉलपेन बांधला होता, आणि बन्सीभाऊ दोन गाड्यांच्या मध्ये मनगट चोळत होते.

महिनाभराने वंदनाबाई दुकानात आल्या. स्टुलावर बसल्या, पेन काउंटरवर ठेवला.

"मला चालत न्हाई हा. रोज बसते. अर्धी ओळ होते. तुम्ही निब घासून माझ्या हाताला बसवून द्याल का?"

अर्ध्या तासाचं काम. उजव्या हातासाठी घासायचं म्हणजे तो दाणा पुन्हा गोल करायचा, कुणालाही चालेल असा. मी हे काम शेकडो वेळा केलं आहे. वडिलांचा पेन मुलाला चालवून द्यायचा, आजोबांचा नातवाला. लोक खूश होऊन जायचे. त्या प्रत्येक वेळी मी नेमकं काय पुसून टाकत होते, ते त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही आणि मलाही बोलायचा कंटाळा. त्यातल्या काही निबा अजून डोळ्यांपुढे येतात.

या वेळी सगळं सांगितलं. भिंग त्यांच्या डोळ्याला लावलं, निब उजेडाकडे धरली. "हा सपाट भाग दिसतो? तेवढाच तुमच्या बाबांनी केलेला आहे. बाकीचा पेन कारखान्याचा आहे आणि पिशवी माझी. हे घासलं की पेन तुम्हाला चालेल. पण हे जाईल. ते मला परत करता येणार नाही."

त्यांनी भिंग लावून खूप वेळ पाहिलं. रस्त्यावरून एक मिरवणूक गेली, ती वाजतगाजत संपली, तरी पाहत होत्या.

"घासू नका," म्हणाल्या. मग जरा वेळाने, "घरात ठेवून तरी काय करू? एकदा ट्रंकेत गेला की काय होतं ते पाह्यलं मी." उठून पर्स खांद्याला लावली. "चला तुम्ही माझ्याबरोबर. त्या भाऊंकडून तुम्हीच काढून घ्यायला लावला, आता तुम्हीच द्यायला चला."

पुन्हा परतूर. पुन्हा ते फाटक. हंगाम संपत आला होता, गाड्या कमी होत्या. बन्सीभाऊंनी हात मागे घेतला. "न्हाई, बाई. वडलांची वस्तू हाय. मी कसा ठेवू?"

"मला चालत न्हाई, तुम्हाला चालतो," वंदनाबाई म्हणाल्या. "आणि तुमच्याकडचा मला चालतो. अदलाबदल म्हणा. फक्त एक. निब कुणाला घासू देऊ नका. ह्या मावशींनापण न्हाई."

बन्सीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी शाईच्या बाटलीत निब बुडवून दांडी उचलली, सोडली, मनातल्या मनात दहा मोजून पेन बाहेर काढला आणि फडक्याने पुसला. मी शिकवलं होतं तसंच. मग समोर थांबलेल्या ट्रकची नोंद केली. नंबर, गाव, वेळ.

वंदनाबाईंनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं. आधीची पानं मागे उलटत गेल्या. महिनाभर बॉलपेनाच्या फिकट, खोल दाबलेल्या ओळी होत्या. त्याच्या मागे, त्यांनी पेन नेण्याआधीच्या दिवसांची, शाईची पानंच्या पानं. कापसाच्या गाड्या, सरकीच्या गाड्या, कुठकुठली गावं, ड्रायव्हरांची नावं. त्या एकेका ओळीवरून बोट फिरवत होत्या. मी बाजूला उभी होते. ट्रकवाल्याने एकदा हॉर्न दिला, मग पुन्हा दिला.

"बाई," बन्सीभाऊ हळूच म्हणाले, "गाडी आत घ्यायची हाय."

"हां, घ्या, घ्या," म्हणत त्यांनी रजिस्टर सरळ करून त्यांच्यापुढे ठेवलं.

स्टेशनपर्यंत त्या मला सोडायला आल्या. गाडीला वेळ होता. बाकावर बसलो. त्यांनी मला माफ केलं की नाही ते मला माहीत नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही. गाडी दिसायला लागली तशी त्या उठल्या, पदर सारखा केला, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मावशी, पुन्हा कधी एवढं थकलात, तर सरळ दुकान बंद करत जा."

हल्ली मी तसंच करते.